फ्लूचा ताप उतरून पुन्हा चढतो तेव्हा

पाथरी तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: “आमचे अण्णा ६१ वर्षांचे, शुगर आहे. पोळ्याच्या आसपास घरात सगळ्यांनाच फ्लू झाला. अण्णांना चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी उतरला, रानात जाऊन आले, जेवले. सातव्या रात्री हुडहुडी भरून ताप आला, उजव्या बरगडीत चमक निघायला लागली, धाप लागली. परभणीला नेलं तर न्यूमोनिया निघाला. तिथले डॉक्टर म्हणाले, फ्लूच्या पाठोपाठ जंतूंचा संसर्ग झालाय. फ्लू तर विषाणूचा, मग हे जंतू आले कुठून? आणि पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक दिलं असतं तर हे टळलं असतं का? अण्णा आता घरी आहेत, पण खोकला आहेच.”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरून घरात कुणीतरी कुणाला बोल लावत असणार. पहिल्या दिवशी अँटिबायोटिक दिलं नाही ही चूक नव्हती. फ्लूच्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि आधीपासून घेऊन ठेवल्यानं नंतरचा न्यूमोनिया अडतो असंही नाही. उलट घशातले साधे, औषधाला दाद देणारे जंतू मरतात आणि दाद न देणारे मागं उरतात. मग न्यूमोनिया झालाच तर तो या उरलेल्यांचा होतो. आपल्याकडे सर्दीतापाला सर्रास जी तीन दिवसांची अॅझिथ्रोमायसिनची पट्टी दिली जाते, तिला जुमानणारे न्यूमोकोकस, म्हणजे न्यूमोनियाचे नेहमीचे जंतू, दिवसेंदिवस कमी होत चाललेत, ते यामुळंच.

आता जंतू कुठून आले ते. ते बाहेरून आलेच असतील असं नाही. बहुतेक वेळा ते रुग्णाच्याच नाकाघशात आधीपासून असतात. न्यूमोकोकस, हिमोफिलस, स्टॅफिलोकोकस ऑरियस हे तिघे निरोगी माणसाच्या नाकाघशात काही न करता महिनोन् महिने राहतात. लहान लेकरांच्या नाकात तर न्यूमोकोकस फारच, आणि नातवंडं आजोबांच्या मांडीवर खेळतातच. झोपेत आपल्या सगळ्यांच्याच घशातला थोडाफार स्राव नकळत श्वासनळीत उतरतो, त्याबरोबर हे जंतूही उतरतात. रोज उतरतात आणि रोज निकालात निघतात. त्यामुळं खरा प्रश्न असा, की रोज निकालात निघणारे जंतू त्या आठवड्यातच का टिकले?

तुमच्याकडे कापूस असेलच. बोंडअळी बोंडाला छिद्र पाडते, पण बोंड पूर्ण सडतं ते त्या छिद्रातून शिरलेल्या बुरशीनं आणि जंतूंनी. फ्लूचं काम बरंचसं असंच आहे.

श्वासनळीच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर असतो. त्यातल्या बहुतेक पेशींवर अतिसूक्ष्म केस असतात, ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि वरचा चिकट स्राव, त्यात अडकलेली धूळ आणि जंतू यांच्यासकट, घशाकडं ढकलत राहतात. फ्लूचा विषाणू नेमका याच पेशींत शिरतो, तिथं वाढतो आणि त्यांना मारतो. तीन-चार दिवसांत जागोजागी हा थर गळून पडतो. खालचा उघडा पडलेला भाग जंतूंना चिकटायला फार सोयीचा असतो, आणि त्यांना वर ढकलणारं तिथं काही उरत नाही. हा थर पुन्हा भरून यायला आणि केस नीट हलायला लागायला दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. ताप मात्र चौथ्या-पाचव्या दिवशीच उतरलेला असतो. माणसाला वाटतं बरं झालं, छातीला अजून बरं व्हायचं असतं.

दुसरी गोष्ट विषाणूच्या न्यूरामिनिडेज या एन्झाइमची. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर आणि चिकट स्रावात सियालिक अॅसिड नावाची साखर असते. विषाणू पेशीला पकडतो तो या साखरेला धरून, आणि नवे विषाणू बाहेर पडताना न्यूरामिनिडेज ती साखर कापून टाकतं. साखर कापली की तिच्याखाली झाकलेल्या, न्यूमोकोकसला चिकटता येईल अशा जागा उघड्या होतात. शिवाय कापून सुटी झालेली ती साखर न्यूमोकोकस खातो. त्यातच सुजेमुळं रक्तातला द्रव वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत, झिरपतो, तोही जंतूंच्या वाढीला पोषक. अण्णांना शुगर आहे. रक्तातली साखर वाढली की श्वासमार्गातल्या द्रवातही ती वाढते, आणि तापात शुगर वाढतेच. फ्लूच्या आठवड्यात ‘जेवण कमी आहे’ म्हणून मनानंच शुगरची गोळी बंद करणारे पुष्कळ भेटतात. डॉक्टरांना विचारून डोस बदला, पण ग्लुकोमीटरवर रोज बघत राहा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण सातवाच दिवस का, याचं उत्तर तिच्यात आहे.

वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी कायम मुक्कामाला असतात. रात्री उतरलेले चार-दोन जंतू सकाळपर्यंत गिळून टाकायचं काम त्यांचं, तेही ताप न आणता, बोभाटा न करता. उंदरांवरच्या प्रयोगांत फ्लूच्या पहिल्या आठवड्यात यांतल्या सुमारे ९० टक्के पेशी नाहीशा झालेल्या दिसल्या. उरतात त्यांचीही धार कमी होते. विषाणूचा निकाल लावायला शरीर ज्या टी पेशी पाठवतं, त्या पाचव्या-सातव्या दिवसाच्या सुमाराला छातीत जोरात काम करत असतात आणि गॅमा इंटरफेरॉन हे रसायन सोडतात. विषाणूसाठी ते घातक, पण त्याच रसायनामुळं मॅक्रोफेजच्या अंगावरचा, जंतू पकडणारा मार्को नावाचा रिसेप्टर कमी होतो. हे २००८ मध्ये उंदरांत दाखवलं गेलं. इंटरफेरॉनचे दुसरे प्रकार न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणारे संदेश दाबून टाकतात, म्हणजे मदतही उशिरा पोचते. थोडक्यात, शरीर विषाणूविरुद्ध जिंकत असतं त्याच दिवसांत जंतूंविरुद्ध ते सगळ्यात दुबळं असतं. ताप उतरणं हे त्या विजयाचं लक्षण, आणि धोक्याचे दिवस तिथूनच सुरू होतात.

अमेरिकेत जोनाथन मॅककलर्स यांनी २००२ साली केलेला प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. उंदरांना आधी फ्लूचा विषाणू दिला आणि सात दिवसांनी न्यूमोकोकस, तर सगळे उंदीर मेले. क्रम उलटा केला, आधी जंतू आणि मग विषाणू, तर उंदीर उलट जास्त वाचले. दोन्ही रोग तेच, फक्त क्रम आणि दिवस बदलले. माणूस म्हणजे उंदीर नव्हे हे खरं, पण पावसाळ्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात जे रुग्ण येतात त्यांची हकिगत या प्रयोगाशी फार जुळते: चार दिवस ताप, एक-दोन दिवस बरं, मग थंडी वाजून ताप. सगळ्यांचं असं होत नाही. काहींना मधला बरा दिवस मिळतच नाही, विषाणू आणि जंतू दोन्ही एकदम चालू असतात, आणि ते रुग्ण जास्त आजारी असतात.

वैद्यकशास्त्राला ही जोडगोळी ओळखायला वेळ लागला. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांत एक जंतू सापडला आणि तोच फ्लूचं कारण असा समज कितीतरी वर्षं टिकला. तो म्हणजे वर सांगितलेला हिमोफिलस. १९३१ मध्ये रिचर्ड शोप यांनी डुकरांत दाखवलं की विषाणू एकटा दिला तर आजार सौम्य, जंतू एकटा दिला तर काहीच नाही, दोन्ही मिळून दिले तर भयंकर न्यूमोनिया. माणसातला विषाणू १९३३ मध्ये लंडनला सापडला. त्याआधी १९१८ ची साथ होऊन गेली होती. जूनमध्ये मुंबईत आली, सप्टेंबरनंतरच्या लाटेत देशभर पसरली, आणि त्याच वर्षी पाऊसही नव्हता. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. देशात कमीत कमी सव्वा कोटीच्या आसपास माणसं गेली असं मानतात. २००८ मध्ये मोरेन्स, टॉबेनबर्गर आणि फाउची यांनी त्या साथीत अमेरिकेत मेलेल्या ५८ जणांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे पुन्हा तपासले, तर जवळपास सगळ्यांत जंतूंचा न्यूमोनिया होता. पेनिसिलिन यायला अजून बरीच वर्षं होती. अँटिबायोटिक आल्यावर हे संपलं असं मात्र समजू नका. २००९ च्या स्वाइन फ्लूत, ज्याचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, अमेरिकेत तपासलेल्या ७७ मृतांपैकी २२ जणांच्या फुप्फुसांत जंतू सापडले.

यांतला स्टॅफिलोकोकस ऑरियस मला सगळ्यात भीतीदायक वाटतो. न्यूमोकोकस बहुधा एक-दोन दिवसांची सवड देतो. स्टॅफिलोकोकस धडधाकट पंचविशीतल्या पोरालाही एका दिवसात व्हेंटिलेटरवर नेऊ शकतो. फुप्फुसाला भोकं पडतात, बेडक्यातून रक्त येतं, आणि पांढऱ्या पेशी वाढायच्या ऐवजी कधी कधी घटतात. रिपोर्टात पेशी कमी दिसल्या म्हणून ‘जंतू नाहीत, व्हायरलच आहे’ असा निष्कर्ष काढू नये, तो याचसाठी.

धोका कुणाला जास्त? पासष्टीच्या पुढचे, दोन वर्षांच्या आतली लेकरं, गर्भवती, शुगर, दमा, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेले, दारू आणि बिडीवाले. पुस्तकात एवढं असतं. आपल्या भागात मी त्यात आणखी काही घालतो. चुलीपाशी आयुष्य गेलेल्या आयाबाया, ज्यांनी बिडीला हात लावलेला नसतो पण फुप्फुस बिडीवाल्यासारखं असतं. जिनिंगच्या आणि मळणीच्या धुळीत काम करणारे. जुना टीबी होऊन गेलेले, ज्यांच्या छातीत आधीच खाचखळगे आहेत. आणि बीडकडचे ऊसतोड कामगार. जानेवारी-फेब्रुवारीत फ्लूची दुसरी, लहान लाट येते तेव्हा ते फडात असतात, कोपीत दाटीवाटीनं राहतात, आणि एक खाडा पडला की पैसे कापले जातात म्हणून ताप उतरल्या उतरल्या कोयता हातात घेतात. त्यांना ‘आठवडाभर विश्रांती घ्या’ म्हणून चिठ्ठीवर लिहिणं सोपं असतं.

घरी लक्ष काय ठेवायचं? ताप उतरून एक दिवस बरा गेल्यावर पुन्हा चढला, तर तो जुना ताप ‘उलटला’ असं न मानता नवा आजार धरून चला आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. थंडी वाजणं, खोल श्वास घेतला की एका बाजूला सुरी खुपसल्यासारखं दुखणं, पिवळा-हिरवा किंवा विटकरी रंगाचा बेडका, ही न्यूमोनियाची लक्षणं. म्हाताऱ्या माणसात यातलं काहीच नसू शकतं. ताप नाही, खोकला नाही, फक्त असंबद्ध बोलतात, जेवत नाहीत, झोपून राहतात. त्याला ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन लावून घरी पाठवलेले रुग्ण मी बरेच पाहिलेत.

सगळ्यात भरवशाची आणि फुकटची तपासणी म्हणजे श्वास मोजणं. माणूस शांत बसलेला असताना, त्याला न सांगता, छाती वर-खाली होताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसात २० पर्यंत ठीक. २४ च्या वर गेले तर दाखवायला न्या, ३० च्या वर गेले तर दवाखान्यातही लहान नको, मोठा गाठा: अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, संभाजीनगरची घाटी, लातूर-नांदेडची सरकारी महाविद्यालयं, जे जवळ असेल ते. एक ते पाच वर्षांच्या लेकरात ४० आणि दोन महिने ते वर्षाच्या आतल्यात ५० हा धोक्याचा आकडा. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडलेला असेल तर सेल बदलून काढा. बोट गरम असू द्या, नखाला मेंदी-नेलपॉलिश नको, आकडा स्थिर व्हायला थोडं थांबा. ९४ च्या खाली आला तर वाट बघायची नाही.

एक इंजेक्शन मात्र फ्लूत टाळा, आणि त्याबद्दल मी जरा कडकच बोलतो. ‘एकदम ताप उतरवणारं’ म्हणून डेक्सा, म्हणजे स्टेरॉइड, टोचून घेऊ नका. दोन दिवस छान वाटतं. त्याच दोन दिवसांत आधीच दुबळी झालेली प्रतिकारशक्ती आणखी दबते, शुगर चारशेवर जाते, आणि दुसरा ताप, जो आपल्याला सावध करणार असतो, तो झाकला जातो. दमेकऱ्याला अटॅकमध्ये द्यावं लागतं, काही गंभीर रुग्णांत दवाखान्यात विचार करून देतात, ते वेगळं. साध्या तापाला पॅरासिटामॉल आणि पाणी पुरतं.

अण्णांच्या बाबतीत पहिल्या दोन दिवसांत एक औषध उपयोगी पडलं असतं, ते ओसेल्टामिविर. ते वर सांगितलेलं न्यूरामिनिडेजच अडवतं. ४८ तासांच्या आत सुरू केलं तर फायदा जास्त. सरकारी वर्गवारीतही शुगर, वय, गर्भारपण अशी जोखीम असलेल्यांना फ्लूसारखी लक्षणं दिसली तर तपासणीच्या रिपोर्टची वाट न बघता ते द्यायला सांगितलंय. धडधाकट तरुणाला साध्या फ्लूत त्याची गरज नाही. पुढच्या वेळी घरात एकाला फ्लू झाला की अण्णांना कणकण आल्याच्या दिवशीच दाखवा.

न्यूमोनिया झाल्यावर मात्र अँटिबायोटिक तासातासानं महत्त्वाचं, आणि तिथं मी हात आखडत नाही. कुठलं द्यायचं ते रुग्णाच्या अवस्थेवर ठरतं. अमॉक्सिसिलिन-क्लाव्हुलानेट किंवा सेफ्ट्रायाक्सोनपासून सुरुवात, स्टॅफिलोकोकसचा संशय असेल तर व्हॅन्कोमायसिन किंवा लिनेझोलिड. पहिला डोस देण्याआधी रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) आणि बेडक्याचा नमुना घेतला तर पुढं औषध बदलताना अंधारात तीर मारावा लागत नाही. लिव्होफ्लॉक्सासिन मात्र मी सहज लिहीत नाही. ते टीबीच्या जंतूंनाही थोडं दाबतं. टीबी असेल तर दोन आठवडे बरं वाटतं आणि निदान महिनाभर लांबतं.

लशीचं बोलतो. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो. आपल्याकडची मोठी लाट पावसाळ्यात, म्हणून एप्रिल-मेमध्ये, पेरणीच्या गडबडीआधी घ्या. न्यूमोकोकसची लस वेगळी, ती अण्णांना या आजारातून पूर्ण बरं झाल्यावर घ्यायला हवी. कुठली आणि किती डोस हे तुमच्या डॉक्टरांशी ठरवा. दक्षिण आफ्रिकेत लहान मुलांना न्यूमोकोकसची लस दिली, तर ज्या न्यूमोनियात विषाणू सापडला होता त्याचं दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाणही ३१ टक्क्यांनी घटलं. विषाणूशी त्या लशीचा संबंध नाही, तरी घटलं. म्हणजे ‘व्हायरल’ म्हणून ज्यावर शिक्का मारला होता, त्यातल्या बऱ्याच न्यूमोनियात न्यूमोकोकसचा हात होता. आपल्याकडे २०२१ पासून ही लस बाळांना दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना सरकारी लसीकरणात मोफत मिळते. नातवंडांचं कार्ड काढून बघा, कारण त्यांच्या नाकातले जंतू कमी झाले तर आजोबांचाही फायदा होतो.

आता अण्णांचा खोकला. थर भरून येईपर्यंत दोन-तीन आठवडे कोरडा खोकला राहू शकतो, त्यासाठी नवीन अँटिबायोटिक मागू नका. रानात हळूहळू जाऊ द्या, फवारणी आणि मळणीपासून महिनाभर लांब ठेवा. पुन्हा ताप आला, वजन उतरायला लागलं किंवा बेडक्यात रक्त दिसलं तर लगेच, आणि नुसता खोकलाच असला तरी तो दोन आठवड्यांपुढं गेला तर, सरकारी दवाखान्यात बेडक्याची टीबीची तपासणी करून घ्या. ती मोफत आहे, आणि शुगर असलेल्या माणसात टाळू नये. सगळं ठीक असलं तरी सहा आठवड्यांनी छातीचा एक्स-रे पुन्हा काढा. सावली पूर्ण गेलेली दिसली पाहिजे. गेली नसेल तर सीटी स्कॅन लागेल, कारण बिडी ओढणाऱ्या साठीच्या माणसात न्यूमोनियाच्या मागं कधी कधी गाठ दडलेली असते. दाखवायला जाताना परभणीची जुनी फिल्म बरोबर न्या. मोबाइलवर काढलेल्या तिच्या फोटोवरून जुनी सावली आणि नवी सावली यांतला फरक कळत नाही.